तात्या आणि ढिलाई

तात्यांना सैल काही बघवत नाही. समोरच्या इमारतीवरून लोंबणारी केबलची वायर असो, गणपतीच्या मांडवाचं पोट सुटलेलं कापड असो, की शाळेत निघालेल्या पोराच्या बुटाची नाडी असो, तात्या थांबतात आणि बोलतात. जावयाने पहिल्या भेटीत हात मिळवला तो जरा ढिला पडला, तेव्हाच त्या माणसाबद्दल तात्यांनी मत राखून ठेवलं. जावयाचे केस पिकत आले; मत अजून राखूनच आहे.

अंबरनाथमध्ये असा माणूस दुर्मिळ नाही. गावच कारखान्यांचं. पश्चिमेला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, एका नाक्याला अजून चिकटून राहिलेलं विम्को काड्यापेटीचं नाव, पूर्वेला एमआयडीसी. इथली निवृत्त पिढी चहात साखर किती हेसुद्धा 'प्लस-मायनस' लावून सांगते. तात्या त्या सरकारी कारखान्यांपैकी एकात इन्स्पेक्शनला होते. इन्स्पेक्शनचा माणूस स्वतः काही बनवत नाही. दुसऱ्याने बनवलेलं नापास करतो. गो गेज भोकात गेला पाहिजे, नो-गो गेज जाता कामा नये, आणि दोन्ही नीट झालं तरी तात्या तो जॉब उजेडाकडे धरून एकदा डोळा बारीक करणार. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. तात्या त्याआधी निवृत्त झाले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्यांचं मत आहे. "मी बाहेर पडलो आणि सगळं ढिलं झालं," ते सांगतात, आणि ऐकणाऱ्याने मान हलवली नाही तर पुन्हा सांगतात.

अशा माणसाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सोसायटीतर्फे भटक्या कुत्र्यांविरुद्ध जेवढे अर्ज गेले, त्या सगळ्यांवर पहिली सही तात्यांची. अर्जाचा मसुदाही त्यांचाच. त्यात 'उपरोक्त श्वान' असा शब्द होता. ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं तेव्हा कट्ट्यावर तात्यांनी चहा पाजला. पुढच्याच पंधरवड्यात कोर्टाने तो हुकूम बदलला आणि नसबंदी, लसीकरण करून, पिसाळलेली आणि फार आक्रमक सोडून, बाकीची होती तिथेच सोडा असं सांगितलं. तेव्हा त्यांनी चहाचे पैसे परत मागितले नाहीत एवढंच. आणि त्यांच्याच नातीने शिवमंदिराकडच्या रस्त्यावरच्या बंद टपरीखालून भिजलेलं एक तांबूस पिल्लू उचलून आणलं. मादी. एक कान उभा, एक पडलेला. पडलेल्या कानाकडे तात्यांनी पहिल्याच दिवशी बोट दाखवलं.

नातीने तिचं नाव मोमो ठेवलं. तात्यांनी खाण्याच्या पदार्थाचं नाव तोंडाने घ्यायला नकार दिला आणि तिला 'अ‍ॅप्रेंटिस' म्हणू लागले. मुलगा-सून सकाळच्या लोकलने मुंबईला, नात शाळा-क्लासला, काकूंचे गुडघे धरलेले. अ‍ॅप्रेंटिस आपोआप तात्यांच्या खात्यात जमा झाली. त्यांनी एक जुनं रजिस्टर काढलं, रकाने आखले. वेळ, ठिकाण, प्रकार, शेरा. 'प्रकार' या रकान्याखाली काय लिहिलं जायचं ते मी इथे सांगत नाही. शेऱ्यात बहुधा 'रिजेक्ट' असायचं. चपलेचा अंगठा कुरतडला त्या दिवशी मात्र 'रिवर्क' होतं, कारण चांभाराने तो शिवून दिला.

जनावरांच्या डॉक्टर बाईंनी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. लसीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला दोन-चार दिवसांत संपवतो. पण पिल्लाला कोंडूनही ठेवायचं नाही. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत ते जे बघेल, ऐकेल, त्याला ते जन्मभर 'हे असायचंच' असं समजतं. या काळात ज्याने रिक्षा ऐकली नाही, ते पुढे प्रत्येक रिक्षावर भुंकतं. मग करायचं काय? "उचलून फिरवा," बाई म्हणाल्या.

तात्यांना यात एक ओळखीची गोष्ट दिसली. नव्या अ‍ॅप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात मशीनला हात लावू देत नाहीत; नुसता सगळा प्लांट हिंडवून दाखवतात. दुसऱ्या दिवसापासून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली मोमो छातीशी धरून तात्या निघाले. रेल्वेच्या पुलावर उभं राहून कर्जतकडे जाणारी लोकल दाखवली. दळणाची गिरणी दाखवली. गॅस सिलिंडरचा टेम्पो, शाळेची घंटा, रविवारचा बँडवाला, भंगारवाल्याची आरोळी. प्रत्येक ठिकाणी मोजून थांबायचे आणि काय आहे ते सांगायचे. स्वतःच्या मुलांना त्यांनी इतकं समजावून काही सांगितलं असेल, असं वाटत नाही. मुलगाही एकदा तसं म्हणाला, पण हळू.

शिवमंदिरापाशी ही भेट लांबायची. देवळात कुत्रं न्यायचं नाही, म्हणून आवाराबाहेर उभं राहूनच तात्यांचं व्याख्यान चाले. "शिलालेख शके ९८२चा. म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांचं काम. चित्तराजाने सुरू केलं, मुम्मुणीने पूर्ण केलं. साहेब बदलला, पण क्वालिटी बदलली नाही." मोमो जांभई द्यायची. मग तात्या दुसरी बाजू मांडत, कारण गावात दुसरीही कथा आहे, की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत एकाच दगडातून उभं केलं आणि उजाडलं म्हणून वरचं छप्पर राहून गेलं. गाभाऱ्यावरचं शिखर आज पुरं नाही हे खरंच. पायऱ्या उतरून खाली गेलं की वर आभाळ दिसतं. राजा आणि पांडव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे तात्यांना कुणी विचारत नाही. त्यांना पांडवांच्या कथेतलं एकच महत्त्वाचं वाटतं. "नाइट शिफ्ट. शिफ्ट संपली, काम टाकून गेले. तेव्हापासूनची सवय आहे ही."

आणि नंदी. त्याच्याकडे बोट करून तात्या पिल्लाच्या उभ्या कानात म्हणत, "हा बघ. साडेनऊशे वर्षं बसलाय. कुणी बिस्किट दिलंय त्याला?"

डोस पूर्ण झाले. खरं नाटक इथून सुरू झालं.

पट्टा उल्हासनगरहून आला. शिवमंदिराच्या पलीकडे दोन पावलं टाकली की उल्हासनगरच. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर आलेल्या सिंधी माणसांनी उभं केलेलं गाव. १९४९मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तिथे मिळत नाही अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे. दुकानदाराने पट्टा 'इम्पोर्टेड' म्हणून दिला. तात्यांनी त्याच्या शिवणीचे टाके मोजले, कडी ओढून पाहिली, आणि कोणत्या देशाहून इम्पोर्टेड असं विचारलं. दुकानदाराने कॅम्प नंबर चारच्या दिशेला मान वळवली. दोघांनाही त्यात काही गैर वाटलं नाही.

पट्ट्याबद्दलचा तात्यांचा सिद्धांत सरळ होता. पट्टा ताठ म्हणजे ताबा आहे. पट्टा सैल म्हणजे ताबा सुटला. पहिल्या सकाळी त्यांनी मनगटाला दोन वेढे दिले, कोपर आखडलं आणि निघाले. मोमोने खालची जमीन घरी आल्यापासून प्रथमच पायाखाली घेतली होती. तिने आधी रस्ता हुंगला, मग वालधुनीकडून वारा आला. वालधुनी नदीचं आज काय झालं आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. रसायनांच्या सांडपाण्याने तिला जो वास आणला आहे त्याला आपण रुमाल लावतो. पण तो वास पिल्लाच्या नाकाला केवढा ऐवज वाटला कुणास ठाऊक. मोमो जी सुटली ती सुटलीच. पट्टा तात्यांना हवा होता तितका, किंबहुना थोडा अधिकच ताठ झाला. त्यामागे तात्या, त्यांच्यामागे एक चप्पल. गॅलरीतून काकू बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नामदेव महाराज कुत्र्यामागे धावले तेव्हा हातात तुपाची वाटी तरी होती."

पिल्लू का ओढतं, याचं उत्तर तात्या वगळता सगळ्यांना पटेल इतकं साधं आहे. ओढल्याने काम होतं म्हणून ओढतं. खांबाचा वास हवा, ओढलं, माणूस चार पावलं पुढे आला, खांब मिळाला. पुढच्या वेळी ते आणखी जोराने ओढणार, त्यात त्याची चूक काय? त्यात भर म्हणजे एका बाजूने ताण आला की जनावर आपसूक दुसऱ्या बाजूला रेटा देतं. आपणही गर्दीत कुणी मागून ढकललं की पाय रोवतोच. म्हणजे तात्या जितके खेचणार तितकी मोमो खेचणार. दोघांचाही स्वभाव बघता यात हरणारं कुणी नव्हतं.

मग सल्ल्यांचा मोसम आला. आपल्याकडे लग्न, ॲसिडिटी आणि कुत्रं या तीन बाबतींत सल्ला द्यायला अनुभव लागत नाही. कट्ट्यावर कुणीतरी गळ्याला आवळणारी साखळी सुचवली. तात्यांनी ती आणली. डॉक्टर बाईंनी टेबलावरच काढून घेतली आणि पिल्लाची श्वासनळी किती कोवळी असते यावर अर्धा तास ऐकवलं. गळ्याऐवजी छातीला धरणारा हार्नेस लिहून दिला. औषधाच्या कागदावर लिहून दिलेली वस्तू असल्यामुळे तात्यांना विरोध करता आला नाही.

त्यानंतर मोबाइलवरून लांडगा आला. कुत्रा हा मुळात लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो, तो आधी खातो, दारातून आधी जातो; तुम्ही म्होरके व्हा, कुत्रं सरळ होईल. हे तात्यांना इतकं पटलं की त्यांनी ते घरातही लागू केलं. मोमोचं ताट भरायचं, तिच्यासमोर खुर्ची मांडायची, आणि आधी स्वतः एक मारी बिस्किट सावकाश खायचं. साखरेच्या आजारामुळे घरात बिस्किट बंद होतं. विज्ञानाने ते परत आणलं. मोमो शेपूट हलवत बघत राहायची, आणि पडलेला चुरा तिचाच असल्यामुळे तिची या पद्धतीला हरकत नव्हती.

या लांडग्याची गोष्ट मला नेहमी मजेशीर वाटते. १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या भांडणांवरून ती मांडली. १९७०मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांच्या पुस्तकाने ती घरोघर नेली. पुढे मेक यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि त्यांना दिसलं की तिथली टोळी म्हणजे नुसतं कुटुंब असतं. आई, बाप आणि पोरं. म्होरक्या म्हणजे कोण, तर बाप. १९९९मध्ये त्यांनी तसं लिहिलंही, आणि आपलंच जुनं पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. खपणारं स्वतःचं पुस्तक थांबवायला निघालेला लेखक! मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे तो माणूस इन्स्पेक्शनचा असणार," ते म्हणाले. पण बिस्किट सोडलं नाही.

शेवटी डॉक्टर बाईंनीच तोडगा सांगितला. "ती ओढायला लागली की तुम्ही जागच्या जागी थांबा. ओढू नका, बोलू नका. खांब व्हा. पट्टा सैल पडला, की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि पुढे चला. सैल पट्टा म्हणजे चालणं, ताठ पट्टा म्हणजे थांबणं. तिला एवढंच कळायला हवं."

खांब होणं तात्यांना शिकवावं लागलं नाही. चिकनचं मात्र अवघड होतं. घर शाकाहारी. काकूंनी पनीर सुचवलं, मोमोने मंजूर केलं, आणि पनीरचे तुकडे करायचं काम तात्यांनी स्वतःकडे घेतलं, कारण काकूंचे तुकडे एकसारखे येत नव्हते.

त्या आठवड्यात शिवमंदिर रोडवर ज्यांची ये-जा होती त्यांनी ते दृश्य पाहिलं आहे. भर सकाळी रस्त्याच्या कडेला, कधी कडेच्या जरा आतही, तात्या पुतळ्यागत उभे. दुसऱ्या टोकाला मोमो नाक पुढे काढून तिरकी. मागे रिक्षा. तात्या हलत नाहीत. "अंकल, क्या हुआ, सिग्नल है क्या?" रिक्षावाला विचारतो. तात्या बोलत नाहीत, कारण बोलायचं नाही असं सांगितलंय. दुधाच्या दुकानापर्यंतचं अंतर जाऊन यायला एवढा वेळ लागायचा की एकदा मुलाने स्टेशनवरून फोन करून विचारलं, सगळं ठीक ना. पण कधीतरी मोमो वैतागून मागे वळून बघायची, हा माणूस असा का करतोय म्हणून, आणि तेवढ्यात पट्टा खाली पडायचा. तात्या 'शाब्बास' म्हणायचे. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची सवय नसल्यामुळे पहिल्या दिवशी दोन शेजारीही थांबले.

आणि इथे तात्यांच्या आयुष्यातली खरी अडचण उभी राहिली. सैल म्हणजे किती सैल?

"झोळ पडला पाहिजे," बाई म्हणाल्या होत्या. "कपडे वाळत घालायच्या दोरीला असतो तसा." बाईंना वाटलं, आपण सोपं करून सांगितलं. तात्या घरी आले, स्टीलची टेप काढली आणि गॅलरीतल्या दोरीचा झोळ मोजायला स्टुलावर चढले. दोरीवर नातीची जीन्स होती.

"हा झोळ ओल्या कपड्यांचा आहे," ते काकूंना म्हणाले. "बाईंनी ओला सांगितला की सुका?"

"मला काय माहीत?"

"जीन्स कधी वाळेल?"

"पावसाळा आहे."

तात्यांनी जीन्स उतरवली, मोजलं. परत घातली, मोजलं. मग फक्त टॉवेल. मग डॉक्टरांना फोन. काकूंनी फोन काढून घेतला. तरी रजिस्टरमध्ये नवा रकाना आलाच: 'झोळ, से.मी.' आणि पट्ट्याला दोन ठिकाणी दोऱ्याच्या गाठी आल्या, एक हिरवी, एक लाल. पट्टा हिरव्या गाठीपाशी सगळ्यात खाली लोंबला तर पास. लाल गाठ खाली आली तर फार सैल, नापास. कारण जास्त सैल पट्टा मोमोच्या पायात येतो. हे खरंच आहे, आणि डॉक्टर बाईंनाही ते मान्य करावं लागलं. पंचाण्णव टक्के वेडेपणात पाच टक्के बरोबर निघणं, हे या जातीच्या माणसाचं बळ असतं. त्यामुळे त्यांना वेडं म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे मोमो शिकली. पूर्ण नाही, वालधुनीचा वारा सुटला की आजही तिचं शिक्षण तिच्या नाकापुढे टिकत नाही. पण एरवी ती तात्यांच्या डाव्या पायाशी चालते, पट्टा हिरव्या गाठीपाशी लोंबतो, आणि कुणी कुत्रं समोरून आलं तर आधी तात्यांकडे बघते, कारण पनीर त्या बाजूच्या खिशात असतं. तात्यांचं कोपर सुटं झालं आहे. त्यांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर ते पुन्हा आखडतील.

परवा मंदिराच्या रस्त्यावर नव्या टॉवरमधला एक मुलगा लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आला होता. कानात इयरफोन, हातात पट्टा, पट्टा ताठ, पिल्लू मागच्या पायांवर उभं. तात्या आडवे गेले.

"झोळ कुठाय?"

मुलाने इयरफोन काढला. "काय काका?"

"झोळ. पट्ट्याला झोळ पाहिजे. अशी ओढाताण करून कुत्रं शिकतं का? सैल सोड. अरे, आयुष्यात कधी काही सैल सोडलंयस का?"

मोमो बसली. एवढं बोलणं चाललं की बसायचं असतं, हे तिचं तिनेच ठरवलं आहे. मुलाने घाबरून पट्टा दिला सोडून. पिल्लू तसंच उभं, पट्टा रस्त्यावर लोळतोय. तात्या खाली वाकले. खिशातून टेप निघाली.

"फार सैल," ते म्हणाले. "पुन्हा."

मुलाने पट्टा उचलला, पुन्हा धरला. पुन्हा मोजमाप झालं. मागे रिक्षा थांबली होती. तात्यांना ओळखणाऱ्या रिक्षावाल्याने इंजिन बंदच केलं.

"काका, तुम्ही डॉग ट्रेनर आहात का?" मुलाने विचारलं.

"नाही," तात्या टेप गुंडाळत म्हणाले. "इन्स्पेक्शन."